रेकॉर्ड तर केलंत, आता सांभाळणार कसं?

माझ्या पहिल्या मुलाखतीची फाइल कित्येक वर्षं ‘न्यू रेकॉर्डिंग १४’ या नावाने पडून होती. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका निवृत्त गिरणी कामगाराशी, साचेखात्यातल्या (मागांवर कापड विणायच्या विभागातल्या) काकांशी, दीड तास बोललो होतो. फोन स्टुलावर ठेवला, लाल बटण दाबलं, चहा आला, गप्पा रंगल्या. तीन वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, “बाबा गेले. त्यांचा आवाज तुमच्याकडे असेल ना?” होता. पण मधे माझे दोन फोन बदलले होते, त्यामुळे फाइल हाती लागायला चार दिवस गेले. ऐकली तर पहिली वीस मिनिटं नुसती पंख्याची घरघर. पुढे काका सारखे “हे असं, हे बघा असं” म्हणतात. तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची ते बोटांनी दाखवत होते बहुतेक. बहुतेक, कारण मलाही आता नक्की आठवत नाही.

आजीची, चाळीतल्या म्हाताऱ्यांची, भजनी मंडळाच्या बुवांची आठवण रेकॉर्ड करून ठेवावी असं ज्यांच्या मनात आहे आणि ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मुलाखत घेणं हा यातला चार आण्यांचा भाग. उरलेले बारा आणे नाव देणं, नोंद करणं, परवानगी घेणं आणि प्रती जपणं यात जातात, आणि नेमके तेच आपण ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतो.

कशासाठी करायचं

गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. दत्ता सामंतांचं नेतृत्व, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे सगळं छापील आहे. पण संप संपला कधी? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारतो आणि प्रत्येक घराची तारीख वेगळी निघते. कुणी गावची एसटी धरली तो दिवस सांगतं, कुणी बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, पुन्हा गिरणीत गेला तो. एक मावशी म्हणाल्या, “ह्यांनी बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनची टोपी घातली ना, त्या दिवशी आमचा संप संपला.” ही तारीख कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.

लोक चुकाही करतात. १९७४चा बेचाळीस दिवसांचा संप आणि ८२चा संप यांची सरमिसळ फार ऐकली आहे. नवखा मुलाखतकार लगेच टोकतो, “नाही काका, ते ७४ साली.” टोकू नका. समोरचा ओशाळतो आणि पुढचं सांगायचं थांबतो. खरी तारीख आपल्या वहीत लिहा. त्याच्या मनात दोन संप एकत्र का झाले, हा प्रश्नही तिथेच लिहा. पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते.

विषय लहान ठेवा

‘गिरणगावचा इतिहास’ हा विषय नव्हे. ‘आमच्या गल्लीतल्या खानावळी’ हा विषय आहे. ‘आमच्या गावच्या मंडळाची खोली, जिच्यात पाळ्या लावून माणसं झोपायची’ हाही. आठ-दहा माणसांत जो पुरा होईल तो घ्या. पहिल्या भेटीला रेकॉर्डर नेऊच नका. वही न्या, घरातल्यांची ओळख करून घ्या, गाव कुठलं, मुंबईत कधी आले, कुठल्या खात्यात होते एवढं टिपा. त्रासनखातं (सूत कातायचं), साचेखातं (विणायचं), कांडीखातं (सुताच्या कांड्या भरायचं) यांतला फरक माहीत नसेल तर आधी विचारून घ्या. “मशीनवर होतात का तुम्ही?” असं विचारणाऱ्याला माणूस वरवरचंच सांगतो.

त्याआधी दुसऱ्यांनी केलेलं काम ऐका. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८पासून स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह करते. विक्रोळीला गोदरेजचं अभिलेखागार आहे, कुलाब्याला टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचं आहे. दोन्हीकडे तिथे काम केलेल्या माणसांच्या मुलाखती जपल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, लाखाच्या वर. त्यातली आवाजासकट असलेली एखादी ओवी उघडा. गाणारी बाई कोण, गाव कुठलं, कधी गायली, शब्द काय, हे सगळं आवाजाच्या शेजारी दिसतं. आपल्याला नेमकं तेच करायचं आहे, लहान प्रमाणावर.

परवानगी: दोनदा घ्या

एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. सुरुवातीला माणसाला माहीतच नसतं की आपण काय काय बोलून जाणार आहोत. म्हणून रेकॉर्डिंग संपल्यावर पुन्हा विचारायचं: हे सगळं ठेवू का? कुणी ऐकलं तर चालेल? नाव घालू की नको? इंटरनेटवर टाकलं तर चालेल का, की फक्त अभ्यास करणाऱ्यांना द्यायचं? एखादा भाग तुमच्या हयातीत बंद ठेवायचा आहे का?

मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानाचा कागद करा आणि त्यावर सही घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचा होकार रेकॉर्डवरच घ्या. एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. ‘विचार बदलला तर या नंबरवर कळवा’ ही ओळ त्यात हवीच. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा झाल्यापासून संमतीचा कागद असणं आणखी महत्त्वाचं झालं आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. चाळीत सगळे एकमेकांना ओळखतात. काकांनी शेजारच्याचं कर्ज, कुणाचं दारू पिणं, युनियनमधला कुणाचा विश्वासघात नावानिशी सांगितला, तर त्या शेजाऱ्याची परवानगी तुमच्याकडे नसते. तेवढी मिनिटं नोंदवहीत लाल शाईने लिहा आणि जाहीर प्रतीतून वगळा. मूळ फाइल मात्र कापायची नाही.

खोली, पंखा आणि पाण्याची वेळ

महागडं यंत्र लागत नाही. बरा फोन आणि सदऱ्याला लावायचा कॉलर माइक एवढ्यावर सुरुवात होते. पुढे जमलं तर छोटा हँडी रेकॉर्डर घ्या. सेटिंग एकदाच नीट लावा: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकच्या तासाभराच्या बोलण्याला साधारण अर्धा जीबी जागा लागते, दोन चॅनल असतील तर एक जीबी. एमपीथ्रीमध्ये रेकॉर्ड करू नका. त्यात आवाजातला जो भाग गाळला जातो तो परत आणता येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या वाक्यावर बँकेचा कॉल येतो.

मुंबईत अडचण यंत्राची नसते, शांततेची असते. चाळीत पाण्याच्या वेळेला जाणं म्हणजे वेडेपणा. कळश्या-बादल्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि घरातल्या बाईचं अर्धं लक्ष नळाकडे असतं. मालिकांच्या वेळा टाळा. गणपतीचे दहा दिवस तर विसराच. दुपारी अडीच ते साडेचार हा माझ्या अनुभवातला सर्वांत चांगला वेळ. पंखा बंद करायला सांगायला संकोच वाटतो, मे महिन्यात तर जास्तच. मी म्हणतो, “आजी, वीस मिनिटं बंद करू, मग पाच मिनिटं लावू.” या पंखा-विश्रांतीत आजी जे बोलतात ते कधीकधी मुलाखतीपेक्षा भारी असतं, म्हणून रेकॉर्डर चालूच ठेवायचा. अर्थात, चालू आहे हे त्यांना सांगून.

सुरू करताना स्वतःच्या आवाजात तारीख, जागा, दोघांची नावं बोला. मग कुणीच न बोलता अर्धा मिनिट खोलीचा आवाज घ्या. हेडफोन लावून दहा सेकंद ऐकून बघा. माझी वीस मिनिटांची घरघर या दहा सेकंदांत टळली असती.

बोलताना फार काही करायचं नाही. “तुम्हाला गिरणी बंद पडल्याचं दुःख झालं का?” या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. “पहिल्या पाळीला निघताना घरातून काय काय घेऊन निघायचात?” या प्रश्नाला डबा, तंबाखू, पास, रॉकेलची रांग असं सगळं येतं. गप्पांत शांतता आली की ती भरून काढायची घाई नको. मनात दहा मोजा. आणि हातवारे आवाजात उतरत नाहीत, तेव्हा ते आपण बोलून दाखवायचे: “म्हणजे अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत दोन्ही टोकं धरून गाठ मारायची, बरोबर?” साचेखात्यातल्या मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या अनेकांना ऐकायला कमी येतं. त्यांच्या समोर बसा, ओठ दिसू द्या. आणि ते मोठ्याने बोलतील तेव्हा माइकची पातळी कमी ठेवा.

माणसांच्या बोलण्याबरोबर जागेचेही आवाज घ्या. गिरणीचा भोंगा कसा वाजायचा असं विचारलं की लोक तोंडाने वाजवून दाखवतात. एकाच गल्लीतल्या तिघांचे तीन भोंगे माझ्याकडे आहेत. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. त्या लांबच लांब मधल्या पॅसेजमध्ये हाक मारली की घुमायची कशी, हे इमारतीबरोबरच जातं. असं रेकॉर्डिंग करताना पाच मिनिटं सलग गप्प उभं राहायचं. मग कुठल्या मजल्यावर उभे होतो, माइकचं तोंड कुठे होतं, किती वाजले होते, पाऊस होता का, हे लिहायचं.

त्याच रात्री

हा भाग नीट वाचा. संग्रह होतो की नुसता ढीग, ते इथे ठरतं.

घरी आल्यावर जेवायच्या आधी फाइल कॉम्प्युटरवर आणि एका हार्ड डिस्कवर उतरवा. दोन्हीकडची प्रत उघडून ऐकल्याशिवाय रेकॉर्डरमधलं कार्ड पुसू नका. मग नाव द्या. नावात देवनागरी, मोकळी जागा, कंस, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असलं काही नको. रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि आडवी रेघ, बस. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग मुलाखतीचा क्रमांक, मग त्या दिवशीच्या फाइलचा क्रमांक: 20240218-003-01. अशाने फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. माणसाचं नाव फाइलच्या नावात घालू नका. उद्या त्याने नाव लपवायला सांगितलं तर पंचाईत होते.

माणसाचं नाव जातं नोंदवहीत. ही एक्सेलची साधी शीट असली तरी चालते. प्रत्येक मुलाखतीला एक ओळ. क्रमांक, तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि वय, मूळ गाव, मुलाखत कुणी घेतली, खोलीत आणखी कोण होतं, भाषा, किती मिनिटं, कुठल्या यंत्रावर, संमतीचा कागद कुठे ठेवला, काय बंद ठेवायचं. भाषेच्या रकान्यात नुसतं ‘मराठी’ लिहू नका. मालवणी आहे, साताऱ्याकडची आहे की आगरी, ते लिहा. खोलीत कोण होतं हा रकाना लोकांना फालतू वाटतो. पण सून समोर बसलेली असताना सासू जे सांगते आणि ती नळावर गेल्यावर जे सांगते, त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग वेळपत्रक. पूर्ण मुलाखत शब्दशः उतरवायची ताकद पहिल्या महिन्यात कुणातच नसते. मला एका तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास लागतात. त्यापेक्षा दर तीन-चार मिनिटांना एक ओळ लिहा: ‘००:१२ खानावळीचा महिना, उधारी. ००:१६ सोमवारी मटण बंद का. ००:२१ बाईंनी नवऱ्यामागे खानावळ कशी चालवली.’ एवढ्यानेही दहा वर्षांनी कुणालाही हवी ती जागा सापडते. काका काय दाखवत होते ते मी लिहिलं असतं, तर आज ‘बहुतेक’ म्हणायची वेळ आली नसती.

पुढे पूर्ण उतरवायला घ्याल तेव्हा भाषा ‘सुधारू’ नका. बाई “मी गेल्ती” म्हणाल्या तर ‘मी गेले होते’ लिहायचं नाही. मोबाइलवरची आपोआप मराठी लिहून देणारी सॉफ्टवेअर आता पहिल्या खर्ड्यापुरती बरी आहेत, पण गावाची नावं, खात्यांची नावं आणि बोलीतले शब्द यांची ती वाट लावतात. आवाजावर बोट ठेवून एकदा तरी माणसाने वाचलंच पाहिजे.

माळ्यावरच्या कॅसेटी

मुलाखती सुरू केल्या की एक दिवस कुणीतरी प्लास्टिकची पिशवी आणून देतं. मुलीचं लग्न, मंडळाचा शाहिरी कार्यक्रम, आखातात गेलेल्या मुलाने पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट. घाईने टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका.

आधी कॅसेटच्या छोट्या खिडकीतून आतली टेप बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी; चार महिने पाऊस पिणाऱ्या या शहरात ती ठरलेलीच. अशी कॅसेट वाजवली तर टेप खराब होते, यंत्राचं हेड (टेप वाचणारा भाग) भरतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागण होते. ती वेगळ्या पिशवीत कोरडी ठेवा, मास्क लावून हाताळा आणि जाणकाराकडे द्या. बाकीच्यांच्या वरच्या कडेला दोन प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. कव्हरच्या आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. त्यावरचं अक्षर हीच कित्येकदा एकमेव नोंद असते.

यूएसबीवाले स्वस्त कॅसेट प्लेयर टाळा, त्यांचा वेग डगमगतो. जुना चांगला कॅसेट डेक मिळाला तर त्याचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, मग डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसद्वारे (आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात देणारी छोटी पेटी) कॉम्प्युटरमध्ये घ्या. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. इथे जमलं तर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यात शॉर्टकट नाही. खरखर काढायची असेल तर प्रत करून तिच्यावर काढा. मूळ प्रत खरखरीसकट ठेवायची.

हे मी ठेच लागून शिकलो. एका मंडळाच्या बारा कॅसेटी मी एका दुकानात दिल्या होत्या. परत आला एक पेनड्राइव्ह. आवाज एमपीथ्रीत, खरखर ‘साफ’ केलेली, आणि त्या सफाईत डफाची थाप आणि टाळ्याही गेलेल्या. गाण्यांमधली शाहिरांची बोलणी ‘फालतू’ म्हणून कापलेली. कव्हरं फेकून दिलेली. नशीब, कॅसेटी परत मिळाल्या. आता दुकानाला देताना कागदावर लिहून देतो: वेव्ह फाइल, काही कापायचं नाही, काही साफ करायचं नाही, कव्हरं परत. रूपांतर झाल्यावरही कॅसेट टाकू नका. उभी, स्टीलच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, स्पीकरपासून लांब ठेवा.

त्या पिशवीत बाजारी गाण्यांच्या कॅसेटीही असतात. त्या घरच्या घरी ऐका, इंटरनेटवर टाकू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं टिकतो, सादर करणाऱ्या कलाकाराचा पन्नास वर्षं. मंडळाच्या स्वतःच्या कार्यक्रमालाही गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारलेलं बरं.

प्रती, आणि कुणाच्या हवाली

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत दोन्ही प्रती एकाच कपाटात असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. आमची एक हार्ड डिस्क चाळीत, एक प्रत क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्क पुण्याला मैत्रिणीच्या घरी आहे. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदलायची, मग ती चालत असली तरी. सीडीवर भरवसा ठेवू नका. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता.

प्रत नीट उतरली का हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी चेकसम काढतात: सॉफ्टवेअर फाइलमधून अक्षर-आकड्यांची एक ओळ काढून देतं, फाइलचा अंगठाच म्हणा. दोन प्रतींचा अंगठा जुळला तर दोन्ही सारख्या. नाही जुळला तर एक बिघडली. ती ओळ नोंदवहीत ठेवा.

संग्रह पंचवीस-तीस तासांचा झाला की संस्थेशी बोला. वर नावं दिलेल्या संस्थांचे विषय ठरलेले आहेत, त्यामुळे तुमचा विषय त्यांच्यात बसतो का ते आधी विचारा. विद्यापीठांचे विभाग आणि जुनी ग्रंथसंग्रहालयं हाही रस्ता आहे. देताना करार लेखी करा: हक्क कुणाकडे, बंद भाग कोण उघडू शकतं, घरच्यांना प्रत फुकट मिळेल का, संस्था बंद पडली तर संग्रह कुठे जाईल. शेवटच्या प्रश्नाने समोरचा जरा चपापतो, तरी विचाराच. आणि आपली एक पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवूनच द्या.

घरच्यांना द्यायच्या प्रतीसाठी मात्र एमपीथ्री ठीक आहे. त्यांना फोनवर ऐकायचं असतं. सोबत वेळपत्रक छापून द्या. काकांच्या मुलाला मी दीड तासाची फाइल तशीच पाठवली होती, आणि त्याला घरघरीपुढे जाताच आलं नाही. नंतर वेळपत्रक करून दिलं, तेव्हा त्याने थेट एकेचाळिसावं मिनिट काढलं. तिथे काका त्याच्या शाळेच्या फीबद्दल बोलतात.

वर्षातून एकदा सगळ्या डिस्क काढून तपासायच्या. आम्ही हे दसऱ्याच्या सुट्टीत करतो, पावसाची ओल संपलेली असते म्हणून. चेकसम जुळवायचे, कुठल्याही पाच फाइली मधूनच लावून ऐकायच्या, कॅसेटींजवळच्या सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. दोन माणसांना एक दुपार लागते. गेल्या वर्षी एक डिस्क सुरू होताना टकटक वाजायला लागली. तिच्यातलं सगळं पुण्याच्या प्रतीवरून नव्या डिस्कवर उतरवलं आणि जुनीवर लाल स्टिकर लावला.